डागाला कोपर

बुधवार पेठेतल्या त्या फोटो-स्कॅनिंगवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. दर दोन मिनिटांनी तो चष्मा शर्टाला पुसायचा आणि नाक पडद्याला टेकवायचा.

वडील तरुणपणी विमानं धुवायचे. जुन्या फोटोत चाकापाशी आपण उभे आहोत, असं ते सांगायचे. मी घरातला पहिला पदवीधर. मला तिथे डागच दिसायचा. तो फोटो मी त्यांना मोठा करून देणार होतो.

"फार रवाळ दिसतोय. एकदम गुळगुळीत करा," मी म्हणालो.

"अहो, विमान पाहिजे की साबणाची वडी?"

त्याने फक्त आकाश गुळगुळीत केलं. मग विमान हळूहळू ठळक करत नेलं. पंखावरचे पत्रा जोडणारे रिव्हेट एकेक करून उमटले, तसा मी खुर्चीतून उठलोच!

"चाकाजवळचा तेवढा डाग पुसा."

तो थांबला. चष्मा पुसला. "डागाला कोपर असतं का हो?"

त्याने तेवढाच भाग आणखी ठळक केला. दुमडलेली बाही दिसली, हातात फडकं. चेहरा पुसटच, पण कमरेवर हात ठेवून उभं राहायची ढब वडिलांचीच!

मी तिथूनच फोन लावला. "अण्णा, तुम्ही दिसलात!"

"मग इतकी वर्षं मी काय सांगत होतो?"