एकोणिसावं लागलं

जहाजावरच्या मुलांच्या क्लबच्या काचेच्या दारावर पाटी होती: सतरा वर्षांपर्यंत. काल माझी मुलगी आत कॅरम खेळत होती. आज तिला अठरा पूर्ण झाली आणि दारावरच्या बाईंनी हसून तिला थांबवलं. बारमध्ये एकविसाच्या आत प्रवेश नाही.

सकाळी केबिनमध्ये तिला कुंकू लावताना मीच कौतुकानं म्हणाले होते, "एकोणिसावं लागलं हो." आपल्या बोलीत एक वर्ष सरलं की लगेच पुढचं लागतं, मध्ये मोकळी जागा नसते. इथे जहाजावर ती मोकळी जागा होती, आणि तिथेच माझी लेक एकटीच कठड्याला टेकून उभी होती.

लहानपणी ती पडली की मी धावत जाऊन विचारायची, तेच आजही विचारलं, "लागलं का गं?"

समुद्राकडेच बघत ती म्हणाली, "एकोणिसावं ना? लागलं."