लुगड्याचं दुसरं टोक

देवापुढे हात जोडताना मला लाज वाटते. याच हातांनी मी माझ्या माणसाला ओरबाडलं आहे. बेचाळीस वर्षांची बाई मी, वाण्याची पावती दोनदा तपासून घेणारी. पण कोणी आपल्याला सोडून जाईल अशी नुसती शंका आली, की छाती धडधडते, बोटं गार पडतात आणि समजायच्या आत नको ते बोलून झालेलं असतं. अमरावतीच्या डॉक्टरांनी याला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात असं सांगितलं. संकट नसतानाही शरीर संकट आल्यासारखं वागतं, म्हणाले. उपचार चालू आहेत. तरी मनात येतंच, हा आजार की माझा स्वभावच वाईट?

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं कौंडण्यपूरला गेलो. रुक्मिणीमातेचं दर्शन घेऊन वर्धेच्या काठी बसलो होतो. हे उठले आणि म्हणाले, "मी जातो, पाणी आणतो." आपल्याकडे निघताना ‘येतो’ म्हणतात. यांची जीभ घसरली, एवढंच. मला ते कळत होतं, शरीराला कळत नव्हतं. मी यांचं मनगट धरलं. "जा मंग, कायमचेच जा. कटाळले तुमी मले," असं ओरडत होते आणि सोडतही नव्हते. नखं रुतली. लोक पाहू लागले. मी मनात म्हटलं, माते, माझे हात सोडव.

पायरीवर एक म्हातारी धुणं धूत होती. ओलं नऊवारी लुगडं घेऊन ती सरळ माझ्यापुढे आली.

"भांडण मंग कर, बाई. आधी हे टोक धर. मले एकटीनं पिळल्या जात नाही."

टोक धरायला दोन्ही हात लागतात. मी मनगट सोडलं. ती तिकडून पीळ देत होती, मी इकडून. गार पाणी कोपरापर्यंत ओघळलं. "जोर लाव न, जेवली नाही काय?" ती म्हणाली. लुगडं पिळून होईस्तोवर धडधड उतरली होती. मान वर केली, तर हे तिथेच उभे होते, नखांच्या खुणा लोकांना दिसू नयेत म्हणून शर्टाची बाही खाली ओढत. ती लाज अजून उतरलेली नाही.

मग मीच म्हटलं, पाणी आणा. हे गर्दीत दिसेनासे झाले. भीती होतीच, पण मी बसून राहिले.

ती म्हातारी कोण, मला ठाऊक नाही. आजारही गेलेला नाही. शरण जाणं फार मोठं काही असेल असं वाटायचं. मला मूठ उघडण्याइतकंच जमलं. मातेने त्या दिवशी तेवढंच मागितलं, हे तिचे उपकार.