सुनीताचं वय आणि साळवे बाई

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी रुजू झालो, त्याच आठवड्यात साळवे बाईंची ओळख झाली. उत्साहाच्या भरात मी वर्गातल्या मुलांच्या जन्मतारखा आणि पालकांचे मोबाईल नंबर फलकावर लावले होते. मुख्याध्यापिका बाईंनी तो कागद काढला, घडी घालून माझ्या हातात दिला. "सर, येणाऱ्याजाणाऱ्यानं हे कशाला वाचायचं?" मला वाटलं, बाई जरा अतीच करतात.

बाईंच्या शिस्तीबद्दल, रविवारी चर्चमधून परस्पर वसतिगृहात येऊन आजारी मुलांना पेज भरवण्याबद्दल साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. मला एक कबुली द्यायची आहे.

शाळा बंद होत्या त्या वर्षी मी पालकांच्या मोबाईलवर अभ्यासाचं ॲप घालून देत होतो. खरं वय टाकलं की ते पालकांची परवानगी मागे, वर कसले कसले कोड. कोण एवढी कटकट करणार! खरंच वय टाका असं बाईंनी बजावूनही मी आठवीतल्या सुनीताचं वय एकोणीस टाकलं. तिचे वडील तो मोबाईल आणि पोरीला घेऊन ऊसतोडीला गेले.

महिन्याभरात सुनीताचा बाईंना फोन आला, "बाई, माजं लगीन ठरवलंय." बाई मला घेऊन तडक घोडेगावच्या पुढं उसाच्या फडावर पोचल्या. वडील निर्धास्त होते. "आवो बाई, तुमीच घालून दिलेल्या मोबाईलात रोज नवरदेव येत्यात. म्हनलं साळंनंच सुचवलंय, तर पोरगी लग्नाजोगी झाली आसंल."

लग्न जुळवणाऱ्यांच्या जाहिराती होत्या त्या. मी टाकलेलं वय बघून आलेल्या. बाईंनी मोबाईल पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "दादा, चूक माझी आहे. पोर तेरा वर्षांची आहे," म्हणाल्या आणि शाळेचा दाखला पुढं केला. लग्न थांबलं. पुढं शिक्षण खात्याची चौकशी झाली, तेव्हाही बाईंनी लेखी ठपका स्वतःवर घेतला. वय मी टाकलं होतं, हे मी कुठंच कबूल केलं नाही. आजही लाज वाटते.

ॲप काढून टाकलं तरी जाहिराती कितीतरी दिवस येत राहिल्या. ते वय कुठंकुठं पोचलं होतं, देव जाणे. पुढच्या हंगामात आम्हाला न कळवता सुनीताचं लग्न उरकलं. ती शाळेत परत आली नाही.

बाई निवृत्त झाल्या, तरी दर हंगामाआधी जीपनं सुनीताच्या घरी जातात. सुनीताची धाकटी बहीण यंदा सातवीत आहे. तिला वसतिगृहात ठेवा म्हणून वडिलांशी भांडायला बाईच लागतात. मी सोबत गेलो तरी जीपपाशीच थांबतो.

बाई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. हे तुमच्यासाठी मागतोय असं म्हणायची माझी लायकी नाही. त्या धाकट्या पोरीला दहावीत पोचायला अजून तीन वर्षं आहेत.