तिघांचं रक्त

माह्या सासूले कोणी भोळी म्हटलं का मले रागच येते. मनकर्णा तिचं नाव. मोहगावजवळ आमचं गाव, आणि संत्र्याची तोड सुरू झाली का ती बगिच्यात छाटणीले, म्हणजे लहान-मोठी फळं निवडाले जाते. तिले सही येत नाई, पण तिचा शब्द ठेकेदारही खाली पडू देत नाई.

दिवाळीत माहा नवरा कुलदीप घरी आला. संत्र्याचा ट्रक घेऊन महिना-महिना दूर हिंडते तो. मले पाचवा महिना होता. त्याचे कपडे धुवाले काढले तं खिशात दवाखान्याची चिठ्ठी. बारावी शिकली आहो मी. चिठ्ठीवरचं रोगाचं नाव मोबाइलवर शोधून पाह्यलं. सिफिलिस. जुनी माणसं ज्याले गरमी म्हणत तो रोग. बाईले झाला का पोटातल्या लेकरापर्यंत जाते, लेकरू मरतेही. बाप्पा! तिसऱ्या महिन्यात माही तपासणी चांगली आली होती, पण त्याच्यानंतर दसऱ्याले तो येऊन गेला होता ना!

"मी इंजेक्शन घेतलं, झालं बरं," कुलदीप म्हणे. "तू गावच्या दवाखान्यात पाय ठेवायचा नाई. पूनम तिथं नर्स आहे, माही मावसबहीण. एका दिवसात गावभर होईन."

मी चुलीपाशी रडत बसली होती, ते आईनं पाह्यलं. सासूले मी आईच म्हणते. सारं सांगून टाकलं. वाटलं, आता ही मलेच बोलन. तिनं माह्या तोंडावर पाणी मारलं आणि म्हणे, "रडणं झालं असन तं सांग दामिनी, रक्त कुठं तपासते?"

पांढुर्ण्यात एक संस्था पाकिटं देते, असं मोबाइलवर वाचलं होतं. घरीच बोटाले सुई टोचायची, कार्डावर रक्त घ्यायचं, पाकीट पोस्टात टाकायचं, निकाल फोनवर. दुसऱ्याच दिवशी आई दिवसाची मजुरी बुडवून बसनं गेली आणि तीन पाकिटं घेऊन आली.

"तीन कायले वो आई?"

"तुह्या एकटीचं रक्त गेलं आणि त्यात काही निघालं, तं लोक म्हणतीन सुनेनं रोग आणला. घरातल्या तिघांचं जाईन."

आता आमचा गाढवपणा सांगते. कार्डावरचा गोल पाहून आई म्हणे, "हा अंगठ्यासाठी आहे." जिंदगीभर राशन, बँक, सगळीकडे अंगठाच दिला तिनं. अंगठ्याले सुई टोचली आणि गोलावर दाबून चांगला ठसा उमटवला. मीही तसंच केलं. कुलदीपनं त्याच्या पाकिटाले हातच लावला नाई. सूचनांचा कागद समोर पडला होता, आणि बारावी पास मी तो वाचला नाई! आठ दिवसांनी फोन आला, दोन्ही नमुने खराब. पोटात लेकरू वाढून राहिलं होतं आणि मी ठसे पाठवून बसली होती. स्वतःचंच थोबाड फोडावं वाटलं.

आई पुन्हा गेली. संस्थेतल्या नलिनीताईजवळ बसून सारं शिकली आणि नवी पाकिटं घेऊन आली. हात गरम पाण्यात धरायचा, करंगळीजवळच्या बोटाच्या कडेले टोचायचं, थेंब आपोआप पडू द्यायचा, कार्डाले बोट लावायचं नाई. कापूस वेचून वेचून तिच्या बोटांची कातडी जोड्यावाणी झालेली. तिसऱ्या सुईले थेंब पडला.

कुलदीप मात्र तयार होईना. "मी इंजेक्शन घेतलं ना! आणि माय, तुले या वयात कायची तपासणी? लोक हासतीन."

आईनं दाराले कडी लावली, गरम पाण्याचा गंज त्याच्यासमोर ठेवला. "तुहा बाप जाऊन बारा वर्सं झाले, तरी मी बोट टोचलं. तू कोण लागून गेला? हात घाल." ट्रकची चाबी तिनं आधीच कमरेले खोचली होती. लय वेळानं त्यानं हात पाण्यात घातला.

निकाल आले. रोग माह्या रक्तात होता, कुलदीपच्या होता, इंजेक्शन घेऊनही. आणि आईच्याही, जुना, कोण जाणे किती वर्षांचा.

मग तिनं मले जे सांगतलं ते या घरात कोणी कधी सांगतलं नव्हतं. कुलदीपच्या आधी तिचे तीन लेकरं मेलेलेच जन्मले. माहे सासरे नत्थूजी तवा ट्रकच चालवत. गावानं तिले पोरखाई म्हटलं, बारशाले बोलावणं सोडलं. तीही तेच खरं मानत आली. नलिनीताई म्हणे, आता नक्की सांगता येत नाई, पण या रोगानं तसं होते. मले इतका संताप आला का मेलेल्या माणसालेही शिव्या द्याव्या वाटल्या.

"माय, इंजेक्शन छिंदवाड्याले घेऊ," कुलदीप म्हणे. "इथं पूनम आहे."

आईनं चप्पल घातली. "गाव मले तीस वर्सं नावं ठेवत होतं, तवा कोणाले लाज नाई वाटली. चाला." भर दुपारी गावच्या दवाखान्यात ती लाइनीत सगळ्यात पुढं. पूनमनं विचारलं, "मावशी, कोणाचा इलाज?"

"तिघांचा. पयले दामिनीले दे."

पूनम बोलली असन गावभर. बोलू दे.

होळीच्या आधल्या आठवड्यात माही पोरगी झाली, भोकाड पसरतच आली. दवाखान्याचा सारा वॉर्ड दणाणून गेला. सिस्टर म्हणे, "आजी, घ्या, चूप करा तिले."

आईनं तिले छातीशी धरलं, पण चूप नाई केलं. "रडू द्या," म्हणे. "माहे तिन्ही न रडताच गेले."