स्कॅनच्या दाराबाहेर

बाबा पेंढा काढायला माळ्यावर चढले आणि तिथून डोक्यावर पडले. मी तेव्हा कशेळ्याला माहेरी आले होते. रक्त फारसं नव्हतं, पण ते भलतंसलतं बडबडायला लागले, म्हणून आईने आणि मी त्यांना जीपमध्ये घालून कर्जतला आणलं. डॉक्टरांनी लगेच डोक्याचा सीटी स्कॅन करायला सांगितला.

टेबलावर बाबा स्थिर राहीनात. सारखे उठून बसायचे. माझंच तेवढं ऐकत होते.

"पोरी, हात नको सोडूस गं."

मशीन चालवणारी बाई म्हणाली, "ते हलले तर चित्र नीट येणार नाही. कुणीतरी आत थांबून त्यांना धरा."

मी पुढे झाले. तिने शिशाचा जड एप्रन उचलला आणि विचारलं, "तुम्ही प्रेग्नंट नाही ना?"

याआधी दोनदा माझा गर्भ पडला होता. या वेळी तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं मी आणि नवऱ्याने ठरवलं होतं. आई माझ्याकडे बघत होती.

"आहे," मी म्हणाले.

"मग तुम्ही बाहेर थांबा. एप्रन घालूनसुद्धा आत नको. दार लावलं की किरणं बाहेर येत नाहीत, घाबरू नका."

आईने एप्रन घेतला, साडीवर चढवला आणि आत गेली.

बंद दारामागून बाबा मला हाका मारत होते. मी ओ देत होते, पण त्यांना ते ऐकू जात नसणार. मग एकाएकी ते गप्प झाले. मी दाराला कान लावला. पण स्कॅन नीट झाला होता. मेंदूत रक्त साकळलं होतं. पनवेलला नेऊन ऑपरेशन केलं, पण बाबा शुद्धीवर आलेच नाहीत.

पुढचे सगळे महिने आई विचारत राहिली, "तुला नाय ना गं लागली ती किरणं?" मी दर वेळी नाही म्हणायचे. तिचं समाधान व्हायचं नाही.

मुलगी झाली, धडधाकट. दवाखान्यातून घरी आल्यावर बाळाला मांडीवर घेऊन आई म्हणाली, "त्या दिशी आत मी त्यांना सांगितलं. अवो, हलू नका, लेकीला दिवस गेलेत. मग गप पडले."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"मधी काय इपरीत झालं असतं तर? मेल्या माणसाला खोटं सांगितल्यागत झालं असतं."

"ऐकलं त्यांनी?"

आईने बाळाचं दुपटं सारखं केलं.

"माझा हात दाबला गं. पण ऐकून दाबला का दुखत व्हतं म्हणून, मला नाय कळलं."