पाचवं रीळ

थिएटर पडून तिथे गाड्या लावायची जागा झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे ऑपरेटरच म्हणत. आयुष्यभर सिनेमे दाखवून या माणसाला सिनेमाची किळस आली होती. अपवाद फक्त एका जुन्या जपानी दिग्दर्शकाचा. त्याचेही नावाजलेले तीन सिनेमे त्यांना नको होते, ते डीव्हीडीच्या दुकानांत पैशाला पासरी पडलेले असत. त्यांना हवा होता तो कोणाच्या खिजगणतीत नसलेला, बाप-लेकाचा.

तो त्यांनी तीस वर्षांपूर्वी एका फिल्म सोसायटीसाठी एकदाच दाखवला होता. स्वतःचे वडील जाऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. खाली भाषांतराच्या ओळी नव्हत्या, बोलणं कोणालाच कळत नव्हतं. पडद्यावरचा म्हातारा मेला, त्याच्या हातातला कप फुटला, आणि पुढच्याच रिळात तोच म्हातारा तोच धडधाकट कप घेऊन मुलासमोर हसत बसलेला! ऑपरेटर मशीनच्या खोलीत ढसाढसा रडले. मेलेल्या बापाला असं परत आणून बसवायला छाती लागते, हे पुढे त्यांनी भेटेल त्याला ऐकवलं. बायकोला तर ते पाठच झालं होतं.

निवृत्त झाल्यापासून ते दुकानं पालथी घालत होते. दुकानदार म्हणायचा, "काका, तलवारीवाला घ्या ना. सगळे तोच नेतात."

"सगळे नेतात म्हणूनच नको."

दोनदा फसले. एकदा तर डबीतून कार्टून निघालं. शेवटी बंद होणाऱ्या एका दुकानाच्या खोक्यात तळाशी हवी ती डीव्हीडी सापडली, तीही कव्हरवर तलवार घेऊन. ज्या सिनेमात भाजी चिरायची सुरीसुद्धा नाही, त्याच्यावर तलवार! छापणाऱ्याच्या अकलेची कीव करत ते घरी आले आणि भर दुपारी पडदे ओढून बसले. बायको कपड्यांच्या घड्या घालत शेजारी बसली.

म्हातारा कप घेऊन हसायला लागला आणि ऑपरेटर ओरडले, "अरे गाढवांनो, हा आधी मरायला हवा!"

"अहो, कोण मरायला हवा?"

"म्हातारा! रिळं उलटी लावलीत नालायकांनी. थांब, दोन रिळांचा सांधाच दाखवतो तुला."

रीळ संपताना कोपऱ्यात काळा ठिपका येतो, हे त्यांना झोपेतही दिसे. म्हाताऱ्याने कप ठेवला, मुलाने दार सरकवलं, ठिपका आला, चौथं रीळ संपलं. आणि पाचव्यात त्याच हाताने तेच दार पूर्ण उघडलं, सांध्याला कुठे धक्का नाही. मग आजारपण, मग मरण, मग फुटलेला कप.

त्यांनी तेवढा तुकडा तीनदा पाहिला. त्यांच्या थिएटरात ते दार अर्धंच उघडलं होतं आणि एकदम शेवटच्या रिळातला समुद्र आला होता. त्या अर्ध्या दाराचंही त्यांनी तीस वर्षं कौतुक केलं होतं. रिळं उलटी लावणाऱ्या ऑपरेटरांना ते खाटीक म्हणत.

बायकोच्या हातातली घडी थांबली. "म्हणजे उलटी लावली कोणी?"

"शी!" ते म्हणाले. कव्हरवरची तलवार आता त्यांना दिसतही नव्हती. स्वतःच्या हातांकडे मात्र बघवत नव्हतं.

"असू दे हो. लावा पुढे, बघू तरी."

"पुढे काय बघायचंय?" त्यांनी टीव्ही बंद केला. "मेला तो. परत नाही यायचा."