वाळूवरची सावली

नवी राजधानी झाली तेव्हा रायपुरात जिकडेतिकडे इमारती उठत होत्या, आणि चौबे कॉलनीतल्या आमच्या आर्किटेक्ट सरांच्या ऑफिसात आम्ही समुद्रकिनारा काढत बसायचो. कोकणात सुट्टीची घरं बांधायची होती. आमच्यापैकी फक्त सरांनी समुद्र पाहिलेला.

घर किनाऱ्यात मिसळून गेलं पाहिजे, हा सरांचा नियम. भिंती तिथल्याच जांभ्या दगडाच्या, छपरं कौलारू, आणि कुठलंही छप्पर सुरूच्या झाडांपेक्षा उंच नको. होडीतून पाहणाऱ्याला घर दिसताच कामा नये. मला ते पटलं होतं. माझे वडील युनियनची पत्रकं छापायचे, त्यांच्याच कच्च्या प्रतींवर मी अक्षरं गिरवली. जमिनीवर मिरवू नये, हे घरातच शिकले होते.

जागेच्या फोटोत एक झोपडी होती, आणि दारात मासळी वाळवत बसलेली बाई. जागेच्या मालकांना दाखवायच्या चित्रातून माझ्या शेजारच्या टेबलावरच्या दीदीनं दोन्ही पुसली आणि तिथं आमची घरं बसवली. पंडरी बाजारातून मोठा प्रिंट आला, भिंतीवर लागला. घरं खरंच दिसेनात. दिसत होती ती वाळूवरची एक बसलेली सावली. ती जिची होती ती बाई कुठंच नव्हती.

पंखा लावला की कागद हलायचा आणि सावली उठायला लागल्यासारखी वाटायची. भर दुपारी. दीदीनं आपली खुर्ची फिरवून घेतली.

ती सावली पुसायचं काम सरांनी मला दिलं. स्क्रीनवर मोठी करून पाहिली तर एक हात कपाळाशी. तो उन्हाला आड धरून ती बाई फोटो काढणाऱ्याकडे बघत होती, म्हणजे आता माझ्याकडे. मी सरांना विचारलं, या बाईचं पुढे काय. ते मालक बघतील, असं ते म्हणाले.

"तिले परत बसवायचं असन तर बसवून देते, सर. सावली पुसणार नाही," मी म्हणाले.

"पत्रकवाल्याची पोट्टी आहेस, विसरलोच होतो," सर म्हणाले. "इथं काय मोर्चा काढून राहिलो का आपण?"

मग ते स्वतः कॉम्प्युटरवर बसले. सावली निघाली, पण त्या जागी डाग राहिल्यासारखं दिसू लागलं. म्हणून त्यांनी शेजारच्या सुरूची सावली काढली, मग त्याच्या शेजारच्याची. शेवटी सगळा किनारा लख्ख उन्हात सावलीवाचून उभा राहिला. झाडं जमिनीला टेकलेली वाटेनात. मालकांना ते चित्र आवडलं. फार शांत वाटतं, म्हणाले.

त्याच संध्याकाळी सरांनी मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. निघताना मी सावलीचा जुना प्रिंट गुंडाळून घेतला आणि घरी जेवायच्या खोलीत लावला. वडील बराच वेळ त्याच्यासमोर उभे होते.

आई म्हणाली, "भिंतीकडे तोंड कर तिचं. जेवताना पाह्यत राहते."

मी तसं केलं नाही. आई अजून तिच्याकडे पाठ करून जेवते.